हृदयपरिवर्तन रंगवायचं कसं? आधी चेहरा झाकून बघा

प्रश्न थोडक्यात असा: "ख्रिस्ताची भेट झाल्यावर माणूस आतून बदलतो, ते मला चित्रात आणायचंय. तीन कॅनव्हास झाले. तिन्हींत डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड, मधोमध गुडघे टेकलेला माणूस, पायाशी तुटलेली साखळी, वर कबुतर. एकट्या चेहऱ्यावर महिनाभर काम केलं. तरी बघणारे विचारतात, हे पोस्टर आहे का? माझं कुठे चुकतंय?"

चेहऱ्यावर महिनाभर काम केलंत, तिथेच. साखळी आणि कबुतर यांचं नंतर बघू, ती पुसायला एक दुपार पुरते.

मी तीसेक वर्षं तेलरंगात काम करते. त्यातली बरीच चित्रं बायबलमधल्या प्रसंगांची आहेत. काही वेदीमागे लागली, काही परत आली. परत आलेल्यांपैकी एकाची गोष्ट आधी सांगते, कारण ती तुमच्याच चुकीची आहे. एका चर्चसाठी दिमिष्काच्या (म्हणजे दमास्कसच्या) वाटेवरचा शौल करत होते. ख्रिस्ती लोकांचा छळ करायला निघालेला, वाटेत ख्रिस्ताचा आवाज ऐकून कोसळलेला आणि पुढे प्रेषित पौल झालेला तो माणूस. मान वर, डोळे विस्फारलेले, ओठ अर्धे उघडे, गालावर अश्रू. त्या अश्रूत खिडकीचं प्रतिबिंब दिसावं इतक्या हौसेनं तो काढला होता. चित्र दाखवायला नेलं तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंनी बराच वेळ निरखून विचारलं, "ह्याची दाढ दुखतेय का हो?" मला राग आला आणि तो आठवडाभर टिकला. मग एके दिवशी कागदाचा कपटा शौलाच्या चेहऱ्यावर चिकटवला आणि उरलेलं चित्र पाहिलं. त्यात काहीच घडत नव्हतं. हात नुसते होते. गुडघे नुसते टेकलेले होते. सगळा भार मी चेहऱ्यावर टाकला होता आणि चेहऱ्याला तो पेलला नव्हता.

कुणाच्याच चित्रातल्या चेहऱ्याला तो सहसा पेलत नाही. वेदना, भीती, हर्ष, भान हरपणं या सगळ्यांत चेहऱ्याचे स्नायू बरेचसे सारखेच ताणले जातात. समोरच्या जिवंत माणसाचं काय चाललंय ते आपल्याला कळतं, कारण आधीचा क्षण आपण पाहिलेला असतो आणि पुढचा पाहणार असतो. चित्रात आधी नाही, नंतर नाही. मग उघडे ओठ आणि पाणावलेले डोळे म्हणजे प्रेषितही असू शकतो आणि दाढदुखीही.

याचं मला आवडणारं उदाहरण विल्यम होल्मन हंट या इंग्रज चित्रकाराचं आहे. १८५३ साली त्यानं 'जागी होणारी सदसद्विवेकबुद्धी' अशा अर्थाच्या नावाचं चित्र पूर्ण केलं. ते आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. पियानोपाशी बसलेल्या प्रियकराच्या मांडीवरून एक तरुणी उठते आहे. ती त्यानं ठेवलेली बाई आहे, आणि या क्षणी तिला काहीतरी उमगलंय. चित्रात चिन्हांची दाटी आहे: टेबलाखाली पक्ष्याला पकडणारं मांजर, जमिनीवर फेकलेला हातमोजा, गुंता झालेली लोकर, लग्नाचं बोट सोडून बाकी बोटांत अंगठ्या. मूळ चेहरा हंटनं इतका तीव्र रंगवला होता की चित्राच्या मालकाला तो रोज बघवेना, म्हणून काही वर्षांनी हंटला तो पुन्हा रंगवावा लागला. म्हणजे आज दिसतो तो चेहरा तडजोडीचा आहे. तरीही चित्र चालतं. का चालतं? ती अर्धी उठलेली आहे म्हणून. पूर्ण बसलेली नाही, पूर्ण उभी नाही. त्याचा हात अजून तिच्यापुढे आडवा आहे आणि ती त्याच्याकडे बघत नाहीये. चेहरा बदलला तरी ते उठणं शाबूत राहिलं. मांजर काढून टाकलं असतं तरी चाललं असतं, असं माझं मत.

आता शब्दांकडे थोडं वळते, कारण चित्रकाराला इथे फुकटात काहीतरी मिळतं. मराठी बायबलमध्ये आपण 'पश्चात्ताप' वाचतो आणि डोळ्यांपुढे रडणारा माणूस येतो. मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइया' आहे. त्याचा अर्थ मन पालटणं असा आहे, त्यात रडणं असलंच पाहिजे असं नाही. आणि जुन्या करारातले संदेष्टे लोकांना 'परत फिरा' म्हणतात तेव्हा हिब्रूत जे क्रियापद येतं ते 'शूव'. साधा चालीचा शब्द आहे. रस्त्यानं जाणारा माणूस उलटा वळतो, तेच. भावना रंगवता येत नाही म्हणून आपण कपाळाला हात लावून बसतो, आणि धर्मग्रंथच सांगतोय की वळणारं शरीर रंगव. वळणं म्हणजे मान, खांदा, कंबर आणि टाच. हे सगळं मॉडेलला उभं करून काढता येतं.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या २०व्या अध्यायात येशूची अनुयायी मरीया मग्दालीया त्याच्या कबरेपाशी रडत उभी आहे. ती मागे वळते, येशू दिसतो, पण तिला तो माळी वाटतो. मग तो तिला नावानं हाक मारतो आणि वचन म्हणतं की ती वळली. पहिल्यांदा वाचताना मला ही चूक वाटली होती. आधीच त्याच्याकडे तोंड करून उभी असलेली बाई पुन्हा कुठे वळणार? नंतर लक्षात आलं की लिहिणाऱ्याला दोन वळणं हवी आहेत. एक शरीराचं, एक ओळखण्याचं. आणि दुसऱ्यासाठीसुद्धा त्याला वेगळा शब्द सापडला नाही, वळणंच सापडलं.

जिरोलामो साव्होल्दो या इटालियन चित्रकारानं हे वळण ज्या हुशारीनं रंगवलंय त्याला तोड नाही. त्यानं याच्या अनेक आवृत्त्या केल्या. लंडनच्या नॅशनल गॅलरीतली साधारण १५३५ ते १५४० मधली आहे. रुपेरी झगझगीत शालीत लपेटलेली मरीया, चेहऱ्याचा बराचसा भाग शालीच्या सावलीत, आणि ती आपल्याकडे वळून पाहतेय. तिच्या मागे पहाट होते आहे. क्षितिजावर उजेड आहे, पण शालीवर सांडलेला लखलखाट तिकडून येतच नाही, तो समोरून येतो. चित्राबाहेरून, आपण उभे आहोत तिथून. म्हणजे पुनरुत्थित ख्रिस्त चित्रात नाहीच, तो आपल्या जागी उभा आहे आणि त्याचा उजेड तिच्या कपड्यावर पडलाय. सगळं चित्र कापडाच्या चुण्यांनी बोलतं. चेहरा अंधारात ठेवूनही तिला हाक ऐकू आली आहे याबद्दल शंका राहत नाही.

आता कॅरावॅज्जो, काळोख आणि उजेडाच्या खेळासाठी गाजलेला इटालियन चित्रकार. त्याला टाळून या विषयावर बोलता येत नाही, आणि त्याची नक्कल करून या विषयावर जेवढी वाईट चित्रं झाली तेवढी दुसऱ्या कुणाची करून झाली नसतील.

रोममधल्या सान लुइजी देई फ्रान्चेझी या चर्चमध्ये कोंतारेल्ली चॅपल आहे. तिथलं 'मत्तयाला पाचारण' हे १५९९-१६०० मधलं चित्र तुम्ही छापील पाहिलं असेलच. जकातदार मत्तयाला ख्रिस्त शिष्य व्हायला बोलावतो, तो प्रसंग. जकातदार मंडळी टेबलाभोवती नाणी मोजतायत, उजवीकडून ख्रिस्त आणि पेत्र आत आलेत, भिंतीवर तिरका उजेड आहे. बहुतेक जण इथून 'काळोखात तिरीप' एवढंच उचलतात. जरा थांबून पुढच्या चार गोष्टी पाहा.

चित्रात एक खिडकी आहे, पण उजेड तिच्यातून येत नाही. तिची तावदानं मळकट, निर्जीव आहेत. उजेड ख्रिस्ताच्या डोक्यावरून, चौकटीबाहेरून येतो. चित्र चॅपलच्या डाव्या भिंतीवर असल्यामुळे वेदीकडच्या खऱ्या खिडकीची दिशा आणि चित्रातल्या उजेडाची दिशा जुळते. खोलीतला उजेडच जणू चित्रात शिरतो. तुमचं चित्र जिथे लागणार आहे ती भिंत आधी पाहून या, असं मी प्रत्येकाला सांगते ते यामुळेच.

ख्रिस्ताचा हात सैल आहे. मनगटातून किंचित झुकलेला, हुकूम न सोडणारा. त्याचं नातं सिस्टाइन चॅपलच्या छतावर मायकेलअँजेलोनं रंगवलेल्या आदामाच्या हाताशी जोडलं जातं. आदामाचा हात, देवाचा नव्हे. म्हणजे हाक मारणारा ख्रिस्त हा नवा आदाम, माणसाची नवी सुरुवात आहे. मला त्यातली चित्रकाराची युक्ती जास्त भावते. सामर्थ्य दाखवायला त्यानं जोर काढून घेतलाय.

तिसरी गोष्ट, ख्रिस्ताचे पाय. वरचं अंग आत बोलावतंय आणि पावलं आधीच बाहेरच्या दिशेला वळू लागली आहेत. तो निघाला आहे. मत्तयाकडे वेळ नाही.

आणि मत्तय कोण? दाढीवाला माणूस बोट दाखवतोय, ते स्वतःकडे की टोकाला मान खाली घालून नाणी चिवडणाऱ्या पोराकडे, यावर जाणकारांत अजून वाद आहे. वाद मिटावा असं मला वाटत नाही. तो पोरगा मत्तय असेल तर त्यानं अजून मान वर केलेलीच नाही; चित्र पुढच्या सेकंदाची वाट पाहतंय. दाढीवाला असेल तर त्याचा एक हात 'मी?' विचारतोय आणि दुसरा अजून पैशांपाशी आहे. दोन्ही वाचनांत पाचारण झालंय आणि शरीर मागे राहिलंय. तुमच्या चित्रातला माणूस पूर्ण पोचलेला आहे. त्याला कुठेच जायचं शिल्लक नाही, म्हणून तो पोस्टरवरचा वाटतो.

एक्स-रे तपासणीवरून असं मानलं जातं की पेत्राची आकृती कॅरावॅज्जोनं नंतर घातली. ख्रिस्ताचं बरंचसं अंग तिनं झाकलं गेलं. मुख्य पात्र झाकायला छाती लागते.

सांता मारिया देल पोपोलो चर्चमधला त्याचा शौल साधारण १६०१चा. कॅनव्हासचा बहुतेक भाग घोड्यानं व्यापलाय. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात घोड्याचा उल्लेखही नाही, ती पुढच्या चित्रकारांची भर. शौल खाली पाठीवर पडलेला, हात वर पसरलेले, डोळे मिटलेले, चेहरा आपल्याला उलटा आणि आखूड दिसणारा. मोतद्दार त्याच्याकडे बघतही नाही, तो घोडा सांभाळतोय. स्वर्ग नाही, देवदूत नाही. जगाच्या दृष्टीनं एक माणूस घोड्यावरून पडला, बस. थोरल्या ब्रुगेलनं १५६७ साली हाच प्रसंग आणखी पुढे नेला. डोंगरातून फौज चढतेय, समोर घोड्यांचे ढुंगणच ढुंगण, आणि शौल मधे कुठेतरी, शोधावा लागेल इतका लहान. त्याआधी १५४०च्या दशकात मायकेलअँजेलोनं व्हॅटिकनमधल्या पाओलिना चॅपलमध्ये शौलाला पांढऱ्या दाढीचा म्हातारा केलं होतं, जरी वचनात तो 'तरुण' आहे. मायकेलअँजेलो स्वतः तेव्हा सत्तरीकडे झुकलेला होता. यावर मी काही भाष्य करत नाही, पण आपण कुणाचं परिवर्तन रंगवतोय हा प्रश्न त्या दाढीनं माझ्यापुढे नेहमी ठेवला आहे.

शौलाबद्दल अजून एक. तो दारुडा नव्हता, चोर नव्हता. नियमशास्त्र काटेकोर पाळणारा, आपलं बरोबरच आहे याची खात्री असलेला माणूस होता. मग त्याची 'आधीची' बाजू काळी कशानं करणार? तुमच्या डाव्या अर्ध्यात बाटली, पत्ते आणि सिगारेटचा धूर आहे, असं तुम्ही लिहिलंय. तो ऐकीव पापाचा संच आहे. ज्या माणसाला तुम्ही रंगवताय त्याचं जुनं आयुष्य त्याला कशानं प्रिय होतं ते शोधा. मत्तयाची नाणी कॅरावॅज्जोनं घाणेरडी काढली नाहीत. टेबल ऊबदार आहे, कपडे रेशमी आहेत, सोबत चांगली आहे. सोडायला काही मोलाचं नसेल तर सोडणं दिसणार कसं?

मग्दालीयेच्या बाबतीत तर चित्रकला शतकानुशतकं एका गैरसमजावर जगली. शुभवर्तमानात ती वेश्या असल्याचं कुठेही नाही. तिच्यातून सात भुतं निघाली एवढंच लूक सांगतो. लूकच्या ७व्या अध्यायातली पापी स्त्री, बेथानीची मरीया आणि ही मग्दालीया या तिघींना ५९१ साली पोप पहिल्या ग्रेगरीनं प्रवचनात एकत्र केलं, आणि रोमन कॅथलिक चर्चच्या सणांच्या पंचांगानं १९६९मध्ये ती गाठ सोडवली. मधल्या काळात मोकळे केस, उघडे खांदे आणि वर लागलेले डोळे यांचा कारखानाच चालला. तिशियनची १५३०च्या दशकातली मग्दालीया रंगाच्या दृष्टीनं लाजवाब आहे, पण ती पश्चात्ताप करतेय की करून दाखवतेय हे मला कधीच ठरवता आलं नाही. सतराव्या शतकातल्या जॉर्ज द ला तूरची मग्दालीया याच्या उलट. रात्र, मेणबत्ती किंवा दिवा, मांडीवर कवटी, तिच्यावर विसावलेला हात. एका आवृत्तीत तिनं आपल्याकडे जवळपास पाठच केली आहे. काही घडत नाही, ती फक्त बसली आहे. पण ती उठेल तेव्हा दुसरीच कुणी असेल असं वाटतं. का वाटतं ते मी वर्षानुवर्षं शोधतेय. थोडंफार उत्तर हातात आहे: कवटीवरची बोटं घट्ट धरलेली नाहीत, घाबरून उचललेलीही नाहीत.

हातांवरून रेम्ब्रांट. 'उधळ्या पुत्राचं परतणं' त्यानं आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत केलं. वाटणी उधळून फाटक्या अवस्थेत बापाकडे परतलेल्या मुलाची ती येशूनं सांगितलेली गोष्ट. तो १६६९मध्ये गेला. चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे, उंची सुमारे २६२ सेंटिमीटर, म्हणजे माणसापेक्षा मोठं. पुत्राचा चेहरा दिसतो का? जेमतेम. बापाच्या छातीत खुपसलेला आहे. डोकं भादरलेलं. सर्वांत जवळ आपल्याला काय दिसतं तर त्याचे तळपाय. एक पाय चपलेतून निसटलेला, दुसऱ्या पायातली झिजून फाटलेली. सगळा प्रवास त्या टाचांत आहे. कमरेला अजून लहानसं शस्त्र आहे, म्हणजे सगळंच विकलं नाही. आणि पाठीवर बापाचे दोन हात, एक रुंद आणि दाबून धरणारा, दुसरा मऊ, नुसता ठेवलेला. एक बापाचा, एक आईचा, असं लोक म्हणतात. असेलही. याच माणसानं १६३६ साली याच प्रसंगाचं कोरीव चित्र केलं होतं, त्यात पुत्राचा कळवळलेला चेहरा स्पष्ट दिसतो. तीसेक वर्षांनी त्यानं तो लपवला. तुम्हाला माझ्या सल्ल्यावर भरवसा नसेल तर ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघा.

बदल नेहमी घोड्यावरून पडल्यासारखा येत नाही, हेही धरून चला. पुढे संत म्हणून गाजलेल्या ऑगस्टीनचं परिवर्तन ३८६ साली मिलानमधल्या एका बागेत झालं असं आपण म्हणतो, पण त्याआधी वर्षानुवर्षांची घालमेल होती. बेनोत्सो गोत्सोलीनं सान जिमिन्यानोच्या चर्चमध्ये १४६४-६५ला ऑगस्टीनचं आयुष्य १७ प्रसंगांत रंगवलं. त्यात बागेतला प्रसंग किती शांत आहे: झाडाखाली बसून पुस्तक वाचणारा माणूस आणि शेजारी त्याचा मित्र. वाचणं हेच काय ते कृत्य. एका चौकटीत न मावणारी गोष्ट मालिकेत मावते. तीन कॅनव्हास झालेच आहेत, तर चौथा स्वतंत्र न करता साखळीतला दुवा म्हणून विचार करा. येशूकडे हळूहळू येणारा यहुदी पुढारी निकदेम हा असाच माणूस. योहानात तो तीनदा येतो: रात्री चोरून, मग सभेत एखादं वाक्य बोलून, आणि शेवटी उघडपणे गंधरस घेऊन कबरेकडे. हेन्री ओसावा टॅनर या आफ्रिकी-अमेरिकी चित्रकारानं १८९९मध्ये त्यातली पहिली भेट रंगवली. गच्चीवर दोघं बसलेत, निळी रात्र, जिन्यातून वर येणारा दिव्याचा उजेड ख्रिस्ताला लागलाय. निकदेम ऐकतोय. त्याला पटलंय की नाही हे टॅनर सांगत नाही, आणि वचनही त्या रात्री सांगत नाही.

आता उजेडाबद्दल. डावं काळं आणि उजवं पांढरं ही विभागणी तुम्ही सोडा, पण काळोखातून उजेडाकडे जायची इच्छा सोडू नका. ती फक्त रचनेतून काढून रंगाच्या थरांत न्या. पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेतले प्रतिमाकार हेच करतात. पाटावर खडूचा गुळगुळीत अस्तर, सोन्याचा वर्ख आधी, मग अंड्याच्या पिवळ्या बलकात कालवलेले रंग. चेहऱ्याला पहिला थर गडद, मातकट हिरवट. त्यावर थोडा उजळ, त्यावर आणखी उजळ, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा लहान जागेत, शेवटी कपाळ, गालाचं हाड आणि नाक यांवर दोन-चार बारीक पांढऱ्या रेघा. पडछाया नाहीत, कारण उजेड बाहेरून पडतच नाही, आतून वर येतो. सगळा माणूस खालच्या अंधारातून उगवतो आणि तो खालचा थर शेवटपर्यंत कडेकडेनं दिसत राहतो. डोंगरावर येशूचं रूप तेजानं पालटलं, त्या रूपांतराच्या काही प्रतिमांमध्ये तर त्याच्याभोवतीचं तेजोवलय मध्याकडे जाताना उलट गडद होत जातं. उजेड जितका खोल तितका तो डोळ्यांना अंधार वाटतो, ही त्यामागची समजूत.

तेलरंगात याला जवळची पद्धत आहे आणि मी ती शिकवतेही. कच्च्या अंबरचा (गडद तपकिरी मातीच्या रंगाचा) पातळ थर पूर्ण कॅनव्हासवर द्या, आणि तो ओला असतानाच फडक्यानं पुसून उजेड बाहेर काढा. पांढरा रंग हातात घ्यायचाच नाही. उजेड म्हणजे काहीतरी वर थापणं हा समज अशा दोन-तीन सरावांत मोडतो. वाळल्यावर रंग चढवताना छाया पातळ आणि पारदर्शक ठेवा, उजेड जाड. जाड रंगाला खोलीतला खरा उजेड अडतो आणि तिथे चित्र दिवसभर थोडंथोडं बदलत राहतं. नुसता टायटॅनियम पांढरा वापरू नका, तो थंड आणि खडूसारखा दिसतो. त्यात चिमूटभर पिवळी माती घाला. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त असू द्या, नाहीतर तडे जातील. हे तुम्हाला माहीत असणार, तरी उत्साहात विसरलं जातं.

आणि एक कानउघाडणी. तुमच्या चित्रात माणसाचा डावा अर्धा काळसर आहे आणि उजवा गोरा झालाय. सावली म्हणून केलंत हे कळतं, पण बघणाऱ्याला कातडीचा रंग बदललेला दिसतो आणि त्याचा भलताच अर्थ निघतो. तारण झालं म्हणून कुणी गोरा होत नाही. सावलीत आणि उजेडात एकाच त्वचेचा मूळ रंग कळला पाहिजे, मग ती त्वचा कोणतीही असो.

चिन्हांबद्दल फार बोलत नाही. एक ठेवा, आणि तेही प्रसंगातलंच. पिएरो देल्ला फ्रांचेस्काच्या 'ख्रिस्ताचा बाप्तिस्मा' या चित्रात कबुतर आहे, ते वचनातच आहे आणि ढगांत मिसळून गेलंय. पण मला त्या चित्रातली नव्या जन्माची सर्वांत खरी जागा कोणती वाटते सांगू? मागे नदीकाठी एक माणूस बाप्तिस्म्यासाठी सदरा काढतोय. सदरा डोक्यात अडकलाय. चेहरा नाहीच. जुना मनुष्य काढून टाका, असं पौल लिहितो. पिएरोनं तो शब्दशः काढताना रंगवला, आणि अर्ध्यात अडकवून ठेवला.

तुमच्या तिसऱ्या कॅनव्हासचं काय करायचं ते सांगते. मॉडेलला 'पश्चात्तापी हो' म्हणू नका, तो नाटक करेल. त्याला काम द्या: नाणी मोजायला, जाळं आवरायला, जे तुमच्या माणसाचं काम असेल ते. पाच-दहा मिनिटं गेली की मागून नावानं हाक मारा आणि वळेल त्या क्षणी 'थांब' म्हणा. ती अवस्था तीस सेकंदांपेक्षा जास्त धरता येत नाही. धरता येत असेल तर समजा, पोझ चुकली. अर्ध्या मिनिटाची वीस रेखाटनं करा, कोळशानं, चेहऱ्याच्या जागी नुसता अंडाकार. त्यातली मान आणि खांदा यांची दिशा एकमेकांपासून फुटलेली असेल ती निवडा. जुन्या कामातला हात अजून कामावर असू द्या. टाच उचललेली हवी. येशूला बघायला झाडावर चढलेला जकातदार जक्कय घ्यायचा असेल तर उंबरावर बसलेला नको, उतरताना घ्या. एक पाय फांदीवर, दुसरा जमीन शोधणारा.

मग कॅनव्हासवर उजेड कुठून येतो ते ठरवा आणि उगमाची जागा चौकटीबाहेर ठेवा. सर्वांत उजळ ठिपका चेहऱ्यावर नको. हातावर, कापडावर, रिकाम्या भिंतीवर, कुठेही चालेल. फोनवर कृष्णधवल फोटो काढून तपासा. शेवटी चेहरा. त्यासाठी दोन दिवस ठेवा, महिना नाही, आणि रंगवण्याआधी त्या जागी कागद लावून चित्र एखाद्या अशा माणसाला दाखवा ज्याला प्रसंग माहीत नाही. "हा कुणाचं तरी ऐकून वळलाय" एवढं तो म्हणाला तर चेहरा अर्धा सावलीत सोडून द्या.

रेखाटनं झाली की पाठवा. कॅनव्हास नको, रेखाटनंच.